घराकडे लक्ष ठेवजा

वऱ्हाडात माणूस दोन दिवसांसाठी गावाला निघाला तरी दाराला कुलूप घालतो, कुलूप ओढून पाहतो, फाटकापर्यंत जातो, परत येऊन पुन्हा एकदा ओढून पाहतो आणि मग शेजाऱ्याला हाक मारतो, "जाऊन येतो हो, घराकडे लक्ष ठेवजा." शेजारी "हाव हाव, जा बिनघोर" म्हणतो. यातलं कुलूप आपलं रीत म्हणून. ते काय, दगडानेही तुटतं. शेजाऱ्याने दिलेला शब्द मात्र तुटत नाही, अशी इकडच्या माणसाची पक्की समजूत.

शालिकरामभाऊंचीही ती होती, पण वापरायची वेळ आली नव्हती, कारण ते घर सोडून कुठे जातच नसत. अकोल्याच्या एका टोकाला, जिथे डांबरी रस्ता दमून मुरूम होतो, तिथे त्यांचं घर. दोन खोल्या, ओसरी आणि घराच्या दुप्पट अंगण. अंगणात काळ्या पिशव्यांतून आंब्याची, लिंबाची, गुलाबाची कलमं. आयुष्यभर एका सरकारी रोपवाटिकेत त्यांनी हेच केलं आणि निवृत्त झाल्यावरही तेच करत होते. फरक एवढाच की आता हजेरी घ्यायला पत्नी शकुनबाई होत्या.

रोपवाटिकेतली बहुतेक वर्षं रोजंदारीवर गेली. रोजंदारीचा माणूस म्हणजे आज आहे, उद्याचं साहेबाला ठाऊक. राहत्या खोल्याही तशाच. घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं की यांनी गाठोडं बांधायचं. रेशनकार्डावरचा पत्ता आणि राहता पत्ता यांची कधी गाठ पडली नाही. नोकरीची थोडी वर्षं उरली असताना वरून हुकूम आला आणि शालिकरामभाऊ पर्मनंट झाले. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या रोपवाटिकेला आलुबोंडे खाऊ घातले आणि साहेबाच्या पाया पडायला गेले. साहेब रजेवर होता, तर त्याच्या खुर्चीच्या पाया पडून आले. पुढे हे घर बांधलं तेव्हा पाटीवर नावाखाली त्यांना 'पर्मनंट' असंही लिहून घ्यायचं होतं. शकुनबाईंनी रंगाऱ्याला परस्पर हाकललं म्हणून ते राहिलं.

या रोजंदारीपायी एक गोष्ट मात्र हुकली होती. वर्षाली, त्यांची एकुलती एक लेक, जन्मली तेव्हा शकुनबाई माहेरी अकोटला होत्या आणि हे रोपवाटिकेत. खाडा पडला तर नाव कमी होईल या भीतीने गेले नाहीत. लेकीचं तोंड पाहिलं ते थेट बारशाला. शकुनबाईंनी त्यावरून कधी भांडण काढलं नाही. दरवर्षी वर्षालीच्या वाढदिवसाला शिरा हलवता हलवता एवढंच म्हणायच्या, "तुमी नव्हते न तवा." शिरा गोडच व्हायचा, पण शालिकरामभाऊंच्या घशाखाली जरा सावकाश जायचा.

आता वर्षाली अमरावतीला राजापेठेत राहत होती, एका शिकवणी वर्गात गणित शिकवत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. रीतीने पहिलं बाळंतपण माहेरी. पण डॉक्टरीणबाई अमरावतीची, आणि तिने बजावलं होतं की आता प्रवास नको. तेव्हा माहेरानेच उठून लेकीकडे जायचं ठरलं.

शकुनबाई म्हणाल्या, "या टायमाले तुमी पायजे. लेकीजवळ मी राहीन, पन दवाखान्याच्या बाकड्यावर तिचा बाप पायजे."

"मी येतो न. पन इतके दिवस घर कोन पाहीन?"

"घरात काय हाये चोरून न्यायले? कूलर? त्याच्याजवळ कोनी गेलं तं थो पानी उडवते अंगावर."

"कलमं हायेत."

"कलमं चोरनारा चोर पाह्यला का तुमी कधी? आंबा लागेपर्यंत थांबीन का थो?"

शालिकरामभाऊंना जावयाच्या घरी मुक्काम करायचाही संकोच होता, पण तो कलमांच्या मागे लपवला होता. जावई चंदन मोठा समजूतदार. त्याने फोनवर सुचवलं, "मामा, कॅमेरा बसवून घ्या. इथं बसून घर दिसीन तुम्हाला." संकोचाला लपायला जागा उरली नाही आणि देवानंदला बोलावणं गेलं.

देवानंद हा अकोल्याच्या त्या भागातला आकाशवाणीपासून इंटरनेटपर्यंतचा कारभारी. पूर्वी गच्चीवर चढून अँटेना फिरवून द्यायचा आणि वरून ओरडायचा, "दिसलं का?" मग केबल आली, डिश आली, आता वायफाय आणि कॅमेरे. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्यामुळे निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी. त्याने ओसरीच्या खांबावर मान फिरवणारा कॅमेरा लावला, आतल्या खोलीत इंटरनेटचा डबा बसवला, शालिकरामभाऊंच्या फोनमध्ये काहीतरी आकडे भरले, आणि फोनच्या पडद्यावर अंगण दिसायला लागलं. शालिकरामभाऊ अंगणात उभे राहून फोनमधलं अंगण पाहत बसले. फोनमध्ये एक म्हातारा फोन पाहत उभा दिसला. त्यांनी त्याला हात केला. त्यानेही केला, पण जरा उशिरा.

मंडळी अमरावतीला आली. किल्ली शालिकरामभाऊंच्या कमरेला. पहिले काही दिवस सुखात गेले. सकाळी चहाबरोबर अंगण, दुपारी जेवणाबरोबर अंगण. कलमांचं पाणी टायमरवर होतं, ते ठिबकताना दिसलं की हे घोटभर पाणी पीत.

मग उन्हाळी वारं सुटलं, अकोल्यात लाइट गेली आणि आली. फोनमधलं अंगण मात्र गेलं ते आलंच नाही. पडद्यावर नुसतं एक चाक गोल गोल फिरत राहिलं. शालिकरामभाऊंनी देवानंदला फोन लावला, त्याने उचलला नाही. अर्ध्या तासात हे अकोल्याच्या एस्टीत.

घर जागच्या जागी होतं. शेजारी डोमाजी ओसरीवर पेपर वाचत बसले होते, स्वतःच्या नव्हे, शालिकरामभाऊंच्या.

"काय झालं भाऊ, परत आले?"

"घर दिसून नव्हतं राहिलं."

"मले तं दिसून राहिलं," डोमाजी म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

देवानंदने आकडे नव्याने भरून दिले. पुन्हा वारं, पुन्हा लाइट, पुन्हा चाक, पुन्हा एस्टी. वऱ्हाडातला उन्हाळा आणि लाइट यांचं कसं चालतं ते सर्वांना ठाऊक आहे. कंडक्टर ओळखीचे झाले. शकुनबाई म्हणाल्या, "तुमी अमरावतीले राहून नाई राहिले. तुमी एस्टीत राहून राहिले. पोरीले कळा सुरू झाल्या तं मी काय डेपोत निरोप धाडू?"

हे बरोबर लागलं. शालिकरामभाऊंनी देवानंदला ओसरीवर बसवून विचारलं, "हे असं काहून होते? आन हे कायमचं बंद कसं होईन?"

देवानंदने खर्रा थुंकला. म्हणजे विषय गंभीर होता.

"पाहा भाऊ. इंटरनेटवर परतेक घराले एक नंबर रायते. त्यालेच आयपी म्हनतात. थो म्हनजे तुमचा पत्ता. तुमच्याकडं हाये डायनॅमिक. म्हनजे डबा बंद पडून चालू झाला का कंपनी जो नंबर मोकया असंन थो देते. आज हा, उद्या थो. आन तुमचा फोन जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवते. थ्या घरात आता दुसराच कोनी रायते."

"म्हनजे रोजंदारी," शालिकरामभाऊ म्हणाले.

"तसंच समजा. दुसरा असते स्टॅटिक. महिन्याले जरा जास्त पैसे घेतात, पन नंबर बदलत नाई. लाइट जावो, डबा बदलो, पत्ता थोच."

"पर्मनंट!"

"हाव. पन ऐका न पुरं. तिसरीही एक रीत हाये. डायनॅमिकच ठेवायचा आन त्याले एक नाव द्यायचं. पत्ता बदलला का नावामांगचा नंबर आपोआप बदलते. लाइट आल्यावर दहा-पंधरा मिनिटं दम धरा लागते, बस."

शालिकरामभाऊंना हे ऐकूच आलं नाही. 'पर्मनंट' या शब्दानंतर त्यांच्या कानात सनई वाजत होती.

"स्टॅटिक करून टाक."

"करतो. फक्त एक हाये भाऊ. पक्का पत्ता मित्राले सापडते तसा चोरालेही सापडते. डायनॅमिकवाल्याचं घर चोराले सापडत नाई असं नाई, पन आज सापडलं तं उद्या थे तिथं नसते. स्टॅटिकले कुलूप चांगलं लागते. पासवर्ड बदलून देऊ? आता थो कंपनीतून आलेलाच हाये, एक दोन तीन चार."

"मंग चांगला हाये न. ध्यानात तरी राहीन."

देवानंद काही बोलणार तोच त्याचा फोन वाजला, कुणाच्या तरी लग्नात टीव्हीचा मोठा पडदा चालू होत नव्हता, आणि तो "मांगून करू" म्हणून गेला. हे 'मांगून करू' राहिलं ते राहिलंच. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की इथे त्याची चूक झाली. पण चूक काय नुसती त्याची?

शालिकरामभाऊ अमरावतीला परतले ते पक्क्या पत्त्याचे धनी होऊन. तो नंबर त्यांनी पाठ केला. चंदनला म्हणून दाखवला. वर्षालीला म्हणून दाखवला. वर्षाली म्हणाली, "बाबा, हा कोणाला सांगायचा नसतो."

"पत्ता असते कायच्यासाठी मंग? सांगायसाठीच न?"

आणि इथे त्यांनी ती गोष्ट केली, जी वऱ्हाडातला सज्जन माणूसच करू शकतो. दुसरा कोणी असता तर त्याने घराची राखण म्हणून पत्ता लपवला असता. शालिकरामभाऊंनी राखण म्हणून तो वाटला. साधा हिशेब होता. एका डोमाजींना 'लक्ष ठेवजा' म्हटलं तर दोन डोळे. सगळ्या गणगोताला म्हटलं तर चोराची काय बिशाद! त्यांनी भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: 'आपला पर्मनंट पत्ता खालीलप्रमाणे. पासवर्ड एक दोन तीन चार. सर्वांनी घराकडे लक्ष ठेवजा.' खाली हात जोडलेले. कसं उघडायचं ते पुण्याच्या एका भाच्याने सगळ्यांना शिकवलं, कारण तो संगणकवाला होता आणि त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

आणि लक्ष ठेवलं गेलं! एवढं लक्ष त्या घराकडे कुणी जन्मात दिलं नव्हतं.

"मामा, अंगणात बकरी शिरली."

"शालिकराम, त्या कोपऱ्यातल्या लिंबाले पानी पोचून नाई राहिलं."

"काका, तुमच्या ओसरीवर एक मानूस पेपर वाचून राहिला."

"थो डोमाजी हाये."

"मंग आता झोपला थो."

मान फिरवणारा कॅमेरा असल्याने ज्याला जे पाहायचं ते तो पाही. डोमाजी घरात बसून स्वतःची फाटकाबाहेर लावलेली मोटरसायकल पाहत, कारण खिडकीपर्यंत उठून जायचा त्यांना कंटाळा होता. भाचा पुण्यातून अकोल्याचं ऊन पाही आणि आपण पुण्यात आहोत म्हणून बरं वाटून घेई. कुणी डावीकडे फिरवी, कुणी उजवीकडे. कॅमेऱ्याची मान दुखायला लागली असेल.

सगळ्यात मन लावून पाहणारी म्हणजे माणिकबाई, शालिकरामभाऊंची मोठी बहीण, अकोटची. गुडघे धरल्यापासून तिचं अकोल्याला येणं बंद झालं होतं. मायबाप गेल्यावर भाऊ राहील तेच माहेर. नातसुनेकडून फोन उघडून घेऊन ती सकाळ-संध्याकाळ माहेर पाही. कुणी कॅमेरा रस्त्याकडे वळवून ठेवला असला तर नातसुनेला तो परत तुळशीकडे वळवायला लावी. "मले दररोज माहेर दिसते रे शालिक," ती फोनवर म्हणाली, "पयले सालातून एकडाव दिसे." शालिकरामभाऊंनी चष्मा पुसला. स्टॅटिकचे जास्तीचे पैसे त्या एका वाक्यात वसूल झाले.

एका दुपारी शालिकरामभाऊ राजापेठेतल्या खोलीत अंगण पाहत पडले होते. कॅमेरा हलायला लागला. त्यांना वाटलं, डोमाजीची मोटरसायकल. पण तो रस्त्याकडे गेला नाही. सावकाश वर गेला, भिंतीवरून फिरला, दारावर आला आणि कुलपावर थांबला. कुलूप मोठं करून पाहिल्यासारखं पडदाभर झालं. मग खिडकी. खिडकीच्या आत जेवढं दिसेल तेवढं. मग पुन्हा कुलूप.

त्यांनी ग्रुपवर विचारलं, कोन फिरवून राहिलं? कुणीच नाही. डोमाजी जेवत होते. भाचा ऑफिसात होता. माणिकबाई म्हणाली, "मी कुलूप कायले पाहू? मी बाहीरची हाये का?" आणि तिकडे कॅमेरा कुलूप पाहतच होता.

देवानंदने आपल्या दुकानातून तपासलं आणि त्याचा आवाज बदलला. "भाऊ, तुमच्या घरात लय लोक बसून हायेत. तुमचे नातेवाईक वेगळे. हे बाकीचे कोन, मले सांगता नाई येत. इथले, बाहेरदेशचे, काही मानसं, काही नुसत्या मशीना. जगभर दारं हालवत फिरतात. तुमचं उघडलं, कारन थ्या पासवर्डनं कोनतंही उघडते. मी तवाच बदलाले पायजे होता."

"आता?"

"आता डब्याचं मांगचं बटन दाबून पुरं नव्यानं लावा लागते. डबा आतल्या खोलीत, किल्ली तुमच्याजवळ. तुमी या."

"मीटरचा खटका पाडून ठेवू का बाहेरून?" ग्रुपवर वाचून डोमाजींनी मधेच फोन करून विचारलं.

"नको! कलमांचं पानी टायमरवर हाये. या उन्हात संध्याकायपर्यंत वाळतीन."

गंमत पाहा. सगळ्या जगाला अंगणात बोलावून बसलेल्या या माणसाने किल्ली मात्र शेजाऱ्यालाही दिली नव्हती.

त्याच दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईने वर्षालीला भरती करून घेतलं होतं. "आज रात्रीपर्यंत किंवा उद्या," असं म्हणाली होती. शालिकरामभाऊ दवाखान्यात गेले, शकुनबाईंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "जातो आन येतो. बटन दाबलं का लगेच पुढची गाडी."

शकुनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जा. पन मंग धावत-पयत परत येऊ नका. बारशाले या." आणि आत गेल्या.

राजापेठच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेलीच होती. शालिकरामभाऊंनी पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा काही केल्या वर येईना. मागचे लोक ओरडायला लागले. एक बाई म्हणाली, "काका, चढा नाई तं उतरा, पायरीवर संसार करू नका." कंडक्टर ओळखीचाच होता. "काय बाबा, आज पुन्हा घर हरवलं का?"

शालिकरामभाऊ उतरले. कमरेची किल्ली काढली, रुमालात बांधली, गाठ दातांनी आवळली. इकडे एस्टीच्या कंडक्टरबरोबर शिकणाऱ्या पोरांचे डबे जातात, औषधं जातात, एकदा एका नवरदेवाचं बाशिंग गेलेलं आहे. "अकोल्याले डोमाजी नावाचा मानूस येईन स्टँडवर. मोठ्या मिशा हायेत. त्याले दे."

"एवढंच? आन तुमी?"

"मी इथंच हाये," शालिकरामभाऊ म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना किती जोर लागला ते कंडक्टरला कळायचं कारण नव्हतं. त्याने घंटी मारली.

संध्याकाळी देवानंदचा फोन आला. किल्ली पोचली होती, डोमाजी मिशांसह बाजूला उभे होते, बटन दाबून झालं होतं, सगळे बाहेरचे बाहेर.

"आता सांगा भाऊ. स्टॅटिकच ठेवू? ठेवला तरी चालते. पासवर्ड लांबलचक टाकतो, कोनाले देऊ नका म्हनजे झालं. चोराले अडवते थो पासवर्ड. पत्ता बदलता असला का पक्का, यानं उलीसाच फरक पडते."

शालिकरामभाऊ दवाखान्याच्या बाकड्यावर बसून विचार करायला लागले. पत्ता पक्का राहिला आणि पासवर्ड बदलला, तर उद्या सकाळी भाचा विचारणार, नवा पासवर्ड काय? डोमाजी विचारणार. सगळ्यात आधी माणिकबाई विचारणार. त्यांना काय सांगायचं? तुम्हाला देत नाही? तुमच्यावर विश्वास नाही? कुलूप लावून किल्ली खिशात टाकणं वेगळं आणि आत बसलेल्या बहिणीला हाताला धरून उठवणं वेगळं. या जन्मात ते त्यांना जमलं नसतं. चार दिवसांत पासवर्ड पुन्हा गावभर झाला असता, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

"देवानंद, डायनॅमिकमंधी पत्ता आपोआप बदलते न? आपन काहीच नाई करा लागत?"

"नाई. लाइट गेली का बदलला."

"म्हनजे कोनाले दिसेनासं झालं तं त्यात आपला काही दोष नाई. कंपनीचा."

देवानंदला उमजायला जरा वेळ लागला. मग तो एवढा हसला की खर्रा वाया गेला असावा. "भाऊ, सोयऱ्यांच्या भीतीनं डायनॅमिक घेनारं तुमी पयलं गिऱ्हाईक!"

"हसू नको. करून टाक. आन थे नावावालं काय म्हनत होता, थेही कर. नाव मले नि शकुनले सांग, बस. पासवर्ड लांब टाक. मी ध्यानात ठेवीन."

ग्रुपवर त्यांनी लिहिलं: 'कळविण्यात येते की आपला पत्ता यापुढे बदलता राहील. जुन्या नंबरावर घर दिसणार नाही. नाइलाज आहे.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. भाच्याने अंगठा दाखवला. संगणकवाला असल्याने त्याला सगळं कळलं असणार, पण तो भला होता, गप्प राहिला. डोमाजी तर आता घरातच उभे होते, त्यांना कॅमेऱ्याची गरज नव्हती.

माणिकबाईचा फोन आला. "शालिक, माहेर दिसून नाई राहिलं रे."

"पत्ता बदलला न बाई. कंपनीवाले बदलवतात."

"कंपनीवाल्याले काय समजते माहेर म्हनजे काय असते थे?" मग तिने विचारलं, "तुयशीले पानी कोन घालते?"

"टायमर हाये."

"तुयशीले टायमरनं पानी घालता का रे तुमी?" आणि फोन बंद.

शालिकरामभाऊ बाकड्यावर बसून राहिले. घर नीट बंद झालं होतं आणि मन उघडंच राहिलं होतं. शकुनबाई आतून आल्या, त्यांना तिथे बसलेलं पाहिलं. डब्यातली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि पुन्हा आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजींचा फोन आला. आवाजात कुणाचा तरी धाक बसलेला. "भाऊ, तुमची बहीन आली. अकोटच्या पयल्या गाडीनं. नातसुनेनं स्टँडपासून ऑटोत बसवून आनलं. मले म्हने किल्ली दे. मी म्हनलं भाऊले विचारतो. तं म्हने, मले विचारनारा तू कोन, आन माह्या भावाच्या ओसरीवर कायले बसते दररोज? किल्ली देऊन टाकली. देऊ का?"

"देऊन टाकली न? मंग विचारता कायले!"

"तसं नाई, रीत म्हनून विचारलं."

पाठोपाठ माणिकबाई स्वतः आली फोनवर. "आता पोरीचं होऊन, उठून-बसून होईपर्यंत मी इथंच हाये. तू तिकडंच राह्य. इकडं फिरकू नको. आन हा खांबावरचा डोया मायाकडं पाहते, मले नाई आवडत. त्याच्यावर मी लुगडं टाकलं."

"बाई, तुझे गुडघे—"

"गुडघे माये हायेत, मी पाहून घेईन. तू पोरीकडं पाह्य."

दुपारी वर्षालीला मुलगी झाली. नर्स बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा बाकड्यावर दोघेच होते, चंदन आणि शालिकरामभाऊ. चंदनने हात पुढे केले आणि मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही घ्या पहिले." शालिकरामभाऊंनी आयुष्यात हजारो कलमं हातात घेतली होती, नाजूक डोळा सालीत कसा बसवायचा ते त्यांना डोळे मिटून येत होतं, पण हे गाठोडं कुठून धरायचं ते नर्सला दोनदा सांगावं लागलं.

शकुनबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "घर दिसते का फोनमंधी?"

"दिसते न," शालिकरामभाऊ नातीच्या तोंडावरून नजर न काढता म्हणाले.

फोन बाजूला बाकड्यावर पडला होता. लाइट असल्याने चित्र लख्ख येत होतं. पडदाभर हिरवं लुगडं, त्यावर पिवळी फुलं, आणि वाऱ्याने ते मधूनमधून जरासं हलत होतं.